बिनगाडीच्या माणसाचा विमा

“जीव माग, देते. पण विम्याशिवाय चावी देणार नाही!” केतकी ओरडत होती.

तिच्या गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. ती आत, मी बाहेर, आणि मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीत एकेक डोकं उगवलेलं. केतकी मूळची कोल्हापूरची. तिचा आवाज मोकळ्या रानासाठी घडवलेला आहे. भिंतीला भिंत लावून बांधलेल्या आमच्या नव्या घरांत तो मावत नाही. तिने मुलीला जेवायला हाक मारली की शेजारच्या पंजाबी घरांतही ताटं वाढली जातात.

“अगं, मी घरचाच माणूस ना,” मी म्हणालो.

“घरचा आहेस म्हणून तर. परक्याने ठोकली तर भांडता येतं. तू ठोकलीस तर मी भांडू कुणाशी?”

 कॉलेजात एकत्र शिकत होतो तेव्हाही वादातलं शेवटचं वाक्य तिचंच असायचं.

गाडी म्हणजे एक जुनी पांढरी हॅचबॅक. केतकीने पहिल्या पगारातून घेतलेली. दर दसऱ्याला तिला हार घालून पेढा दाखवतात, नवऱ्याला दाखवत नाहीत. ती गाडी मागायला जाणं म्हणजे देव्हाऱ्यातला देव पिकनिकला नेतो म्हणण्यासारखं होतं, हे मलाही कळत होतं. पण माझा इलाज नव्हता. मला बायकोला भेटायला जायचं होतं, आणि तिच्या-माझ्यामध्ये अख्खं ऑस्ट्रेलिया पसरलं होतं.

मुग्धा डॉक्टर आहे. पश्चिमेकडच्या कालगुर्ली नावाच्या गावात, सोन्याच्या खाणींच्या काठावर एक हॉस्पिटल आहे, तिथे ती सहा महिन्यांसाठी म्हणून गेली आणि तिच्या पाठोपाठ दार लागलं. साथ आली, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपली सीमा अशी बंद केली की वाऱ्यालासुद्धा पास विचारत होते म्हणतात. इकडे आम्हा मेलबर्नकरांना घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायची मुभा. मी रोज त्या वर्तुळाच्या पश्चिमेच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. तिथे एक तळं होतं आणि त्यात काळ्या राजहंसांची एक जोडी. त्यांना वाटायचं, हा आपल्यासाठी येतो. मी तेवढाच पाच किलोमीटर मुग्धाच्या जवळ.

सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. सुरुवातीला आम्ही फोनवर तासभर बोलायचो. मग जेवलीस का, जेवलास का यावर आलो. तिची शिफ्ट संपायची तेव्हा माझा इथे रात्रीचा दुसरा प्रहर सुरू झालेला असायचा. ती फोन उशीवर टेकवून झोपून जायची आणि मी स्क्रीनवर तिचा एक कान बघत बसायचो. त्या कानाशी मी जितकं बोललो तितकं आमच्या लग्नात कुणाशी बोललो नसेन.

शेवटी सीमा उघडली. त्याच आठवड्यात ती म्हणाली, “हॉस्पिटलवाले विचारतायत, कायमची राहणार का. येत्या सोमवारी सांगायचंय.”

“मग?”

“मग काय. सांगायचंय.”

“मी येतो. समोर बसून बोलू.”

ती म्हणाली, “बरं.”

ते ‘बरं’ मी खाणीतला दगड पारखावा तसं उलटसुलट करून पाहिलं. त्यात सोनं होतं की नुसताच दगड, कळेना. माझं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही होतं. ती तिथे राहणार असेल तर मीही गाशा गुंडाळून जायला एका पायावर तयार होतो. पण ‘तू ये’ असं तिने म्हणायला हवं होतं, आणि ती म्हणत नव्हती. दोन वर्षांत माणसाला एकटं राहायची सवय लागते. मला लागली नाही. तिला लागली असेल तर?

विमानात जागा नव्हती; उघडल्या दाराने सगळा देश एकदम पश्चिमेला निघाला होता. भाड्याच्या गाड्या कंपन्यांनी साथीत विकून टाकलेल्या. आमची गाडी मीच विकली होती, पाच किलोमीटरसाठी कशाला पोसायची म्हणून. तर, केतकी.

पुण्यात मित्राची गाडी नेताना लोक एकच प्रश्न विचारतात: पेट्रोल आहे का? इथे मी दिवसभर फोनला लटकलो. विमा कंपनीतल्या बाई गोड बोलत होत्या.

“कुठली गाडी, लव्ह?”

“माझी गाडी नाही.”

“मग कुणाची?”

“ते सोडा. विमा माझा काढा. मी ज्या गाडीत बसेन तिला तो लागू.”

 मग त्या हळुवारपणे म्हणाल्या, “आम्ही गाडीचा विमा काढतो. माणसाचा दुसरा विभाग आहे. पण तो तुम्ही गेल्यावर मिळतो.”

अंटार्क्टिका सोडून बाकी सर्व खंडांतल्या कॉल सेंटरांशी बोलून झाल्यावर मला जे ज्ञान झालं ते वाचकांसाठी फुकट देतो. गाडीच्या नोंदणीच्या पैशांत माणसांच्या मोडलेल्या हाडांची सोय असते, पत्र्याची नसते. पत्र्याचा विमा गाडीला चिकटलेला असतो. ज्याची गाडी त्याने फोन करून तुमचं नाव चालक म्हणून त्यावर चढवायचं. गाडी नसलेल्या माणसाने नुसत्या आपल्या नावावर विमा मागणं म्हणजे घोडा नसताना नाल ठोकून घेण्यासारखं. ठोकतीलही, पण कुठे ते आधी विचारावं.

शेवटी केतकीनेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाई त्याच.

“चालकाचं तुमच्याशी नातं?”

“ब्रदर,” केतकी म्हणाली.

मी हातवारे करून नको नको म्हणालो. तिने माझ्याकडे डोळे वटारले. “गप रे. दर भाऊबीजेला कोण ओवाळतं तुला? पाटावर बसून माझ्या हातची करंजी खातोस तेव्हा कोण असतोस?”

“रात्री गाडी कुठे उभी असेल?” बाईंचा पुढचा प्रश्न.

“कालगुर्लीत. त्याच्या बायकोकडे.”

“किती दिवस?”

केतकीने फोनवर हात ठेवला. “किती दिवस रे?” तिने विचारलं, आणि शपथेवर सांगतो, एवढ्या वर्षांत तिचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी खांदे उडवले.  मग ती हात काढून म्हणाली, “एक महिना.”

निघताना तिने बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, डिकीत धपाटे ठेवले आणि अट घातली: सूर्य मावळला की गाडी थांबली पाहिजे, कारण अंधारात कांगारू आडवे येतात. मी घरी जाऊन मागच्या अंगणातला कढीपत्ता ओरबाडला. ते झाड मुग्धाने लावलेलं. थंडीत मी त्याला तिची शाल पांघरायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, मी म्हातारीला बाहेर ठेवलंय. कालगुर्लीत ताजा कढीपत्ता मिळत नाही असं ती एकदा ओघात म्हणाली होती. दोन वर्षांत तिने मागितलेली ती एकच गोष्ट, आणि तीसुद्धा खरं तर मागितली नव्हती.

सेडूनापर्यंत

पहिला दिवस कापलेल्या गव्हाच्या खुंटांत गेला. इतकी सपाट जमीन मी पाहिली नव्हती. मोटेलच्या खोलीत रुमाल पसरला तर त्याचं टेकाड वाटलं. दुसऱ्या दिवशी पोर्ट ऑगस्टा मागे पडलं आणि माशा सुरू झाल्या. तिथल्या माशा आपल्याकडच्यासारख्या खाण्यावर बसत नाहीत. त्या माणसावर बसतात आणि खाण्याची वाट बघतात. एक तर माझ्याबरोबर पुढच्या सीटवर बसून सेडूनापर्यंत आली, उतरताना आभार न मानता गेली.

वाटेत किंबा नावाच्या गावात एक पाटी आहे: इथे ऑस्ट्रेलियाची रुंदी अर्धी झाली. मी गाडी थांबवून एक पाय अलीकडे, एक पलीकडे टाकून उभा राहिलो आणि फोटो मुग्धाला पाठवला. खाली लिहिलं, ‘निम्मा आलो.’ ती शिफ्टवर होती. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: ‘पाणी ठेव गाडीत.’

यातही मी सोनं शोधलं. पाणी ठेव म्हणजे काळजी. काळजी म्हणजे... पण ती पेशंटलाही हेच सांगत असणार.

सेडूनाला समुद्र आहे आणि ऑयस्टर आहेत. टपरीवरच्या बाईने एक शिंपला उघडून माझ्या हातात दिला. आमच्या घरात माझ्या आधीच्या सात पिढ्यांनी अंड्याकडेही तिरक्या नजरेने पाहिलं. त्या सातही पिढ्या तिथे धक्क्यावर रांगेने उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले आणि गिळला. समुद्राचा एक घोट होता तो, थंड आणि खारट. वाटलं, मुग्धा असती तर म्हणाली असती, चेहरा कसा केलायस. चांगलं काही तोंडात गेलं की ज्याला सांगायचं तो माणूस शेजारी लागतो. मी दुसरा शिंपला घेतला नाही. धपाटा काढला, अर्धा खाल्ला, अर्धा तसाच ठेवला.

सीमेवर

सेडूनाच्या पुढे झाडं हळूहळू नोकरी सोडून जातात. नलारबॉरचं माळरान लागलं की एकही उरत नाही. रस्ता, आकाश आणि मधूनमधून रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक डबे जोडलेला ट्रक. त्याचं तोंड आपल्याला सकाळी भेटतं आणि शेपूट दुपारच्या जेवणानंतर. एका ठिकाणी रस्ता समुद्राजवळ जातो. तिथे जमीन कुणीतरी सुरीने कापावी तशी संपते आणि खाली फेसाळलेलं पाणी. कठड्याशी एक म्हातारं जोडपं खुर्च्या मांडून चहा पीत होतं. बोलत नव्हतं. त्यांना बोलायची गरज नव्हती, आणि त्याचाच मला इतका हेवा वाटला की मी फोटो न काढताच निघालो.

दुपारी पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा आली. मी तीन डोसांचा दाखला पुढे केला, पास पुढे केला, छाती पुढे केली. दोन वर्षं ज्या दारासाठी जीव टांगणीला लागला होता ते दार म्हणजे एक शेड आणि तिच्यात हाफ पँटमधला एक अधिकारी. त्याला माझ्या विषाणूत रस नव्हता. “फळं, भाज्या, मध, पानं?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो, आणि त्याने कढीपत्त्याची पिशवी उचलली.

“ही पानं आहेत, मेट.”

“हा मसाला आहे.”

“हिरवा आहे. ताजी पानं आत जात नाहीत. कीड येते.” त्याने कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. “टाक.”

मी त्याला सगळं सांगितलं. दोन वर्षं, राजहंस, शाल, कान. तो शांतपणे ऐकत होता. माझ्या मागे दोन ट्रक थांबले होते. शेवटी तो म्हणाला, “शिजवलेलं चालतं. ताजं नाही.”

आता, हे वाक्य एखाद्या दुसऱ्या जातीच्या माणसाने ऐकलं असतं तर पिशवी टाकून पुढे गेला असता. मी गाडी वळवली. सीमेच्या अलीकडे हाकेच्या अंतरावर एक रोडहाउस आहे: पंप, खोल्या, बर्गर. तिथल्या स्वयंपाकीणबाई शेरिल मास्क हनुवटीवर घेऊन बटाटे तळत होत्या. मी म्हणालो, मला पाच मिनिटं एक शेगडी आणि वाटीभर तेल द्या, माझं लग्न वाचवायचंय. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला सरकल्या. “माझं असंच कुणीतरी वाचवायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

मोहरी, हिंग, हळद माझ्या डब्यात होती. मुग्धाला लागतात तशा सुक्या मिरच्याही. तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, आणि वरून मी अख्खा कढीपत्ता लोटला.

आपल्याकडे फोडणीचा ठसका म्हणजे घरात जेवण होतंय याची बातमी. पण ते दिवस असे होते की माणूस एकदा खोकला तरी दुकानं रिकामी व्हायची. इथे पहिल्यांदा शेरिल खोकल्या. मग काउंटरवरचा मुलगा. मग जेवणघरातले सगळे ट्रकवाले एका सुरात. एवढाले दाढीवाले गडी बर्गर टाकून, मास्क चाचपत, एकमेकांपासून दूर पळत मैदानात गेले आणि तिथे अंतर राखून खोकत उभे राहिले. त्या माळावर इतकी माणसं एका वेळी डोळे पुसताना पुन्हा कधी दिसायची नाहीत. शेरिल मात्र डोळे पुसत पातेल्यावर वाकल्या होत्या. “वास बरा आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी जॅमची रिकामी बाटली धुऊन दिली.

मी परत शेडमध्ये गेलो. अधिकाऱ्याने बाटली उजेडात धरली. झाकण उघडलं. खोकला. झाकण लावलं.

“यात एकही कीड जिवंत नाही,” तो म्हणाला आणि हात हलवून मला आत सोडलं.

सरळ रस्त्यावर

सीमा ओलांडली की घड्याळ मागे जातं. तिथल्या चिमुकल्या वस्त्या तर पाऊण तासाच्या हिशेबाचं एक आपलंच घड्याळ वापरतात. मुलाचा वाढदिवस नेमका कधी यावरून तिथे भाऊबंदकी होत असणार. मी गाडीतलं घड्याळ थोडं थोडं मागे सारत होतो, आणि शेवटच्या वस्तीनंतर ते मुग्धाच्या घड्याळाशी जुळलं. मी गाडी बाजूला घेतली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिची दुपार आणि माझी दुपार एकच होती. ती आत्ता डबा उघडत असेल, असा विचार करून मी उरलेला धपाटा खाल्ला. दोघं एकत्र जेवलो.

त्यानंतर रस्ता असा सरळ होतो की स्टीअरिंग कशाला दिलंय असं वाटतं. मी एका हाताने बाटली सीटवर सांभाळत होतो. समोरून रोड ट्रेन आली, तिच्या चाकाखालून दगड उडाला आणि काचेवर असा आदळला की मी ‘केतकी’ म्हणून ओरडलो. देवाचं नाव आठवलं नाही. काचेला इकडून तिकडे तडा. मी आधी बाटली पाहिली. शाबूत होती. मग गाडी पाहिली.

कालगुर्ली

शनिवारी सकाळी पोचलो. गावाच्या कडेला जमिनीत एवढा मोठा खड्डा आहे की त्यात टार्निट वसवून वर झाकण लावता येईल. त्यातून सोनं काढतात. मुग्धाचं युनिट, म्हणजे छोटंसं बैठं घर, तिथून जवळ, लाल मातीच्या गल्लीत. ती दारात उभी होती, नाइट शिफ्ट संपवून आलेली, केस ओले. मी दोन वर्षं या क्षणासाठी भाषण तयार केलं होतं. त्यात विनोद होते, शेवटाला डोळ्यांत पाणी यायची जागा होती.

“बारीक झालास,” ती म्हणाली.

“काच फुटली,” मी म्हणालो.

आणि भाषण संपलं.

घरात एक खुर्ची होती. एक ताट, एक पेला, खुंटीवर एक टॉवेल. मी ते सगळं मोजून पाहिलं. कशाचीच जोडी नव्हती. मी बाटली ओट्यावर ठेवली. सांगितलं की ताजा आणला होता, आत सोडला नाही, म्हणून शिजवून आणला. सीमेची गोष्टही सांगितली. ट्रकवाल्यांची संख्या जरा वाढवली. ती हसली नाही. तिने कुकर लावला, भात वाढला, वर ती फोडणी घातली. एकच ताट होतं म्हणून दोघंही त्याच ताटातून जेवलो, मी खुर्चीवर आणि ती ओट्याला टेकून. ती घास चावता चावता थांबायची, आणि पुन्हा चावायची. बराच वेळ पाठ माझ्याकडे करून उभी होती.  परवाचा सोमवार त्या खोलीत आमच्यामध्ये पाहुण्यासारखा बसला होता.

तेवढ्यात फोन वाजला, कॉन्फरन्स कॉल. एका बाजूला केतकी, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीतल्या बाई. मी काचेची तक्रार नोंदवली होती.

“तुम्ही मालकिणीचे भाऊ?” बाईंनी विचारलं.

खरं बोलायचं मी आधीच ठरवलं होतं. “नाही. कॉलेजातला मित्र.”

“मित्र?” केतकी ओरडली, स्पीकर थरथरला. “दर दिवाळीला कुणाच्या कपाळाला टिळा लावते मी, विमा कंपनीच्या?”

“नात्याने काही फरक पडत नाही,” बाई म्हणाल्या. “काच तडकली आहे का?”

“आहे.”

“नो वरीज. काच बदलून मिळेल. चालकाचं नाव एक महिन्यासाठी आहे, वाढवायचं का?”

“अरे बोल की,” केतकी म्हणाली. “गाडी घेऊन कधी येतोयस परत?”

मी मुग्धाकडे पाहिलं. ती ताट विसळत होती.  नळ चालू होता. मग तिने तो बंद केला, त्या एकुलत्या एका टॉवेलला हात पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

“केतकी, काच बसली की नुसती गाडी ट्रकवर चढवून पाठवते,” ती म्हणाली. “ह्याचं नाव काढून टाक.”